मँचेस्टर युनायटेडचा २०२४-२५ चा हंगाम: वैतागलेल्या चाहत्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई, पुणे, कोल्हापूर, पणजी, कुठेही चार फुटबॉलवेडे जमले की त्यांत एक तरी युनायटेडचा निघतोच. २०२४-२५ मध्ये या चाहत्यांनी जे पाहिलं ते त्यांच्या वडीलधाऱ्यांनीही पाहिलं नव्हतं. त्या हंगामाबद्दल पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. राग योग्यच आहे. तो नेमका कशाचा असावा, हे कळायला आकडे मदत करतात.

नेमकं किती वाईट झालं?

३८ सामन्यांत ११ विजय, ९ बरोबरी, १८ पराभव. ४४ गोल केले, ५४ खाल्ले. ४२ गुण आणि १५वा क्रमांक. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून क्लबला इतके कमी गुण कधीच मिळाले नव्हते, आणि १९७३-७४ नंतर लीगमध्ये इतक्या खाली क्लब कधी राहिला नव्हता.

गुणतक्त्याच्या एका ओळीत हे सगळं मावत नाही. एकेक निकाल ओळीने मांडला तर आणखी काही गोष्टी समोर येतात. अख्ख्या हंगामात युनायटेडला लीगमध्ये सलग दोन सामने एकदाही जिंकता आले नाहीत. ३८ पैकी १५ सामन्यांत एकही गोल झाला नाही. ओल्ड ट्रॅफर्ड या घरच्या मैदानावरच ९ पराभव झाले, त्यांत लिव्हरपूल, टॉटनहॅम आणि बोर्नमथ यांनी प्रत्येकी ०-३ असं हरवलं. लेस्टर, इप्सविच आणि साउथॅम्प्टन हे तिन्ही संघ खालच्या विभागात घसरले. ४२ पैकी १६ गुण याच तिघांविरुद्धचे आहेत. म्हणजे उरलेल्या सोळा प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध ३२ सामन्यांत मिळाले फक्त २६. या हंगामाचा खरा चेहरा इथे दिसतो.

मग संघ खालच्या विभागात घसरण्याचा धोका होता का?

भीती खरी होती, धोका मात्र कमी होता. शेवटच्या तिघांचे गुण होते २५, २२ आणि १२. त्या वर्षी २६ गुण मिळवणारा संघसुद्धा वाचला असता. पण एवढ्यावर समाधान मानू नका. २००२-०३ मध्ये वेस्ट हॅम ४२ गुण मिळवूनही घसरला होता. युनायटेड वाचला तो स्वतःच्या खेळामुळे कमी आणि त्या वर्षी तळाचे तीन संघ फारच दुबळे होते म्हणून जास्त.

वुल्व्ह्जचेही ४२च गुण होते. मग ते १६वे का?

गुण समान असतील तर आधी गोलफरक पाहतात, मग केलेले गोल, आणि तेही सारखे निघाले तर त्या दोघांमधल्या सामन्यांतले गुण. युनायटेडचा गोलफरक उणे १०, वुल्व्ह्जचा उणे १५. आपापसातले सामने आधी मोजले असते तर युनायटेड १६वा ठरला असता, कारण वुल्व्ह्जने त्यांना दोन्ही सामन्यांत हरवलं होतं.

दोष आधीचा प्रशिक्षक टेन हागचा की त्याच्या जागी आलेल्या अमोरिमचा?

गुणांची वाटणी पाहा. एरिक टेन हागच्या हाताखाली ९ सामन्यांत ११ गुण. २७ ऑक्टोबर २०२४ ला वेस्ट हॅमकडून १-२ असा पराभव झाला आणि दुसऱ्या दिवशी त्याला काढलं. रूड व्हान निस्टलरॉयने हंगामी प्रशिक्षक म्हणून लीगचे २ सामने सांभाळले, गुण ४. रुबेन अमोरिमने उरलेले २७ सामने घेतले आणि २७ गुण मिळवले: ७ विजय, ६ बरोबरी, १४ पराभव.

म्हणजे बदलानंतर सरासरी सुधारली नाही, उलट घसरली. तरीही सगळा दोष अमोरिमच्या माथी मारणं चूक आहे. त्याच्याआधीचा निर्णय जास्त महागात पडला. मे २०२४ मध्ये संघ लीगमध्ये ८वा आला, पण एफए कप जिंकला. त्या आनंदात व्यवस्थापनाने टेन हागचा करार जुलैमध्ये २०२६ पर्यंत वाढवला, उन्हाळ्यात त्याच्या पद्धतीला साजेसे खेळाडू घेतले आणि चार महिन्यांच्या आत त्याला घरी पाठवलं. १ जुलैला रुजू झालेला क्रीडा संचालक डॅन अ‍ॅशवर्थ डिसेंबरमध्ये गेला. टेन हाग, त्याचे सहकारी आणि अ‍ॅशवर्थ यांना निरोप देण्याचा खर्च सुमारे १.४५ कोटी पौंड झाला. एका पद्धतीसाठी खेळाडू विकत घ्यायचे आणि दुसऱ्या पद्धतीचा प्रशिक्षक भर हंगामात आणायचा, ही या वर्षातली सगळ्यांत मोठी चूक. ती मैदानावर झालेली नाही.

३-४-२-१ ही रचना नेमकी कुठे फसली?

अमोरिमच्या रचनेत मागे तीन बचावपटू, दोन्ही कडांना एकेक विंगबॅक, मध्यभागी दोघं, त्यांच्या पुढे दोन आक्रमक मिडफिल्डर आणि टोकाला एक स्ट्रायकर असतो. स्पोर्टिंग लिस्बनमध्ये ती त्याला फळली होती. मँचेस्टरमध्ये ती तीन ठिकाणी उसवली.

पहिली जागा मधली फळी. प्रतिस्पर्धी ४-३-३ खेळत असेल तर तिथे त्यांचे तीन आणि आपले दोन. त्या दोघांकडे प्रचंड धाव हवी. कासेमिरो आणि एरिक्सन यांचं पायातलं कसब वादातीत आहे, पण फेब्रुवारी २०२५ मध्ये दोघंही ३३ वर्षांचे झाले. त्यांना सोडवायला आक्रमक मिडफिल्डर ब्रुनो फर्नांडिस खाली येतो, आणि तो खाली आला की गोलच्या जवळचा शेवटचा पास देणारा माणूसच उरत नाही.

दुसरी जागा विंगबॅक. या रचनेत विंगबॅकने बचावही करायचा आणि कडेने वर जाऊन क्रॉसही टाकायचा. डावीकडे ल्यूक शॉ बहुतेक हंगाम जखमी. मग उजव्या पायाचा दालोत डावीकडे खेळतो, बाहेरून जाण्याऐवजी चेंडू आत वळवतो आणि हल्ल्याची गती तिथेच जाते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला इटलीतल्या लेच्चेकडून पॅट्रिक डोर्गूला आणलं ते यासाठीच. प्रतिस्पर्ध्याचे विंगर पुढे दबा धरून राहिले की विंगबॅकना मागेच थांबावं लागतं आणि ३-४-२-१ चं ५-४-१ होतं. टीव्हीवर सामना पाहताना मागच्या ओळीत पाच जण मोजता आले, तर युनायटेड दबला आहे हे धावफलक न पाहताही कळतं.

तिसरी गोष्ट सरावाची. युरोपा लीग (युरोपातल्या क्लबांची दुसऱ्या क्रमांकाची स्पर्धा), एफए कप, लीग कप आणि कम्युनिटी शील्ड धरून त्या हंगामात ६० सामने झाले. दर तीन-चार दिवसांनी सामना असेल तर मधले दिवस विश्रांती आणि प्रवासात जातात. नवी रचना अंगवळणी पडायला उन्हाळ्यातले पाच-सहा आठवडे लागतात. नोव्हेंबरमध्ये आलेल्या प्रशिक्षकाला ते मिळालेच नाहीत.

कॉर्नरवर इतके गोल का खाल्ले?

डिसेंबर २०२४ आठवा. ४ तारखेला आर्सेनलचे दोन्ही गोल कॉर्नरवरून. तीन दिवसांनी नॉटिंगहॅम फॉरेस्टने कॉर्नरवरच हेडरने खातं उघडलं. १९ तारखेला लीग कपमध्ये टॉटनहॅमच्या सोनने आणि २६ तारखेला वुल्व्ह्जच्या कुन्याने कॉर्नरचा चेंडू थेट जाळ्यात घातला. आठवड्यात दोनदा असा गोल खाणं म्हणजे निव्वळ दुर्दैव नव्हे. प्रतिस्पर्धी सहा यार्डांच्या चौकटीत गर्दी करून गोलरक्षकाला जखडून ठेवत होते आणि आत वळणारा चेंडू टाकत होते. गोलरक्षकाला वाट मोकळी करून द्यायला एक धिप्पाड खेळाडू त्याच्यापुढे नेमावा लागतो आणि जवळच्या खांबावर उंच माणूस लागतो. ही कामं कोणाची, हे युनायटेडच्या चौकटीत अनेकदा ठरलेलंच दिसत नव्हतं.

गोल का होत नव्हते? संधी मिळत नव्हत्या की वाया जात होत्या?

दोन्ही. लीगमध्ये सर्वाधिक गोल ८, तेही दोघांचे: अमाद डियालो आणि ब्रुनो. दोघंही स्ट्रायकर नाहीत. हॉयलुंड आणि झिर्कझी या स्ट्रायकरांचे अनुक्रमे ४ आणि ३. फेब्रुवारीत अमादचा घोटा दुखावला आणि उजवी बाजू कोरडी पडली.

इथे अपेक्षित गोल, म्हणजे एक्सजी, वाचता आलं तर उपयोग होतो. प्रत्येक फटक्याला जागा, कोन, पाय की डोकं यांवरून ० ते १ मधला आकडा दिला जातो. पेनल्टीला साधारण ०.७६ ते ०.७९, तर चौकटीबाहेरच्या फटक्याला बहुतेक वेळा ०.०५ च्या आसपास. एका सामन्यावरून निष्कर्ष काढू नका, किमान दहा सामन्यांची बेरीज घ्या. एक्सजी जास्त आणि गोल कमी असतील तर अडचण नेमबाजीची, आणि ती बऱ्याचदा आपोआप भरून येते. दोन्ही कमी असतील तर रचनाच बिघडलेली असते. पेनल्टी वगळून आकडा पाहणं केव्हाही बरं.

युरोपमध्ये जिंकत होते, मग लीगमध्ये का नाही?

बिल्बाओमधल्या अंतिम सामन्यापर्यंत युरोपा लीगमध्ये युनायटेड अपराजित होता. १७ एप्रिलला लिऑनविरुद्ध जादा वेळेत ५-४, उपांत्य फेरीत अ‍ॅथलेटिक बिल्बाओला ३-० आणि ४-१. त्याच काळात लीगमध्ये १६ मार्चच्या लेस्टरवरच्या विजयानंतर सलग ८ सामने विजयाविना गेले आणि २४ पैकी फक्त २ गुण हाती लागले. कारण उघड होतं. लीगमधून युरोपची वाट बंद झाली होती आणि युरोपा लीग जिंकली तर थेट चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातली सर्वोच्च स्पर्धा, मिळणार होती. त्यामुळे महत्त्वाचे खेळाडू गुरुवारच्या युरोपा लीग सामन्यांसाठी राखून ठेवले जात होते.

२१ मे २०२५ ला बिल्बाओच्या सान मामेस मैदानावर अंतिम सामन्यात टॉटनहॅमच्या ब्रेनन जॉन्सनने ४२व्या मिनिटाला गोल केला आणि युनायटेड तो जुगार हरला. टॉटनहॅमने त्या हंगामात युनायटेडला चौथ्यांदा हरवलं, आणि तेसुद्धा लीगमध्ये स्वतः १७वे असताना. त्यांना करंडक मिळाला. युनायटेडच्या वाट्याला पुढचं वर्ष युरोपशिवाय आलं.

एवढा पैसा असताना नवे खेळाडू का घेत नाहीत?

प्रीमियर लीगच्या त्या वेळच्या नियमानुसार, मालकांनी भांडवल भरलं तरीही, तीन वर्षांत एकूण १०.५ कोटी पौंडांपर्यंतच तोटा चालत होता. अकादमी, महिला संघ, मैदान आणि समाजकार्यावरचा खर्च त्यातून वजा होत होता. युनायटेडने २०२१-२२, २०२२-२३ आणि २०२३-२४ मध्ये अनुक्रमे ११.५५, २.८७ आणि ११.३२ कोटी पौंडांचा तोटा दाखवला. या वजावटी धरूनही मोकळी जागा फार उरत नव्हती. नियम मोडला तर गुण कापले जात होते. २०२३-२४ मध्ये एव्हर्टनचे ८ आणि फॉरेस्टचे ४ गुण गेले.

आता खरेदीचा हिशेब. खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांत वाटून लिहिली जाते. अँटनीला २०२२ मध्ये पाच वर्षांच्या करारावर आठ कोटी पौंडांहून जास्त देऊन घेतलं, म्हणजे दर वर्षी १.६ कोटींच्या पुढे. अडीच वर्षांनी वह्यांमध्ये त्याची किंमत अजून ४ कोटी उरते. त्याहून कमी भावात विकला की तोटा त्याच वर्षी दिसतो. म्हणूनच जानेवारी २०२५ मध्ये त्याला स्पेनच्या बेटिस क्लबला उसनं दिलं.

याउलट अकादमीतून आलेल्याची वहीतली किंमत शून्य, त्यामुळे विक्रीची सगळी रक्कम नफा. स्कॉट मॅकटॉमिनेला सुमारे २.५ कोटी पौंडांत नापोलीला विकण्यामागे हाच हिशेब होता. त्याने पहिल्याच वर्षी इटलीचं विजेतेपद जिंकलं आणि सेरी आचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. घरचं पोर हिशेबाच्या सोयीसाठी विकावं लागतं, ही चुकीच्या खरेदीची खरी किंमत. चाहत्यांच्या मनाला हेच सगळ्यांत जास्त लागलं आहे.

ग्लेझर कुटुंबावर इतका राग का?

२००५ मध्ये माल्कम ग्लेझरने सुमारे ७९ कोटी पौंडांना क्लब घेतला. त्यातला मोठा भाग कर्जाऊ होता आणि त्या कर्जाचा बोजा क्लबवरच टाकला गेला. त्याआधी अनेक दशकं क्लबवर असं ओझं नव्हतं. घर विकत घ्यायला काढलेलं कर्ज घरातल्या भाडेकरूने फेडत राहावं, तसा हा प्रकार. अलीकडच्या वर्षांत फक्त व्याजापोटी तीन कोटी पौंडांहून अधिक रक्कम जाते. मैदानाची दुरुस्ती मागे पडली. मे २०२४ मध्ये आर्सेनलच्या सामन्यानंतर छपरातून अक्षरशः धबधबा कोसळत होता.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश उद्योगपती जिम रॅटक्लिफने २७.७ टक्के हिस्सा घेतला आणि फुटबॉलचा कारभार त्याच्या इनिऑस कंपनीकडे आला. बहुमत मात्र ग्लेझरांकडेच राहिलं.

शेअर घेतले तर चाहत्यांना मत मिळतं का?

मिळतं, पण नावापुरतं. २०१२ पासून क्लबचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात आहेत. बाजारात मिळतो तो अ वर्गाचा शेअर, त्याला एक मत. ब वर्गाच्या शेअरला दहा मतं, आणि ते बाजारात मिळत नाहीत. कारभार बदलावा म्हणून शेअर घेऊ नका.

रॅटक्लिफ आल्यावरही निषेध का थांबला नाही?

तिकिटं आणि नोकऱ्या. भर हंगामात क्लबने सदस्यांसाठी उरलेल्या सामन्यांचा एकच दर लावला, ६६ पौंड, मुलांना आणि वृद्धांना सवलत नाही. त्याआधी प्रौढांचं तिकीट ४० पौंडांपासून आणि मुलांचं २५ पौंडांपासून मिळत होतं. दोन मुलांना घेऊन जाणाऱ्या बापाचा खर्च कमीत कमी ९० पौंडांवरून १९८ वर गेला. जोडीला २०२४ च्या उन्हाळ्यात सुमारे २५० कर्मचाऱ्यांना काढलं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आणखी दीडशे ते दोनशे पदं जाणार असं जाहीर झालं. महागड्या खरेदीतले निर्णय चुकले ते वरच्यांचे, झळ बसली ती तिकीट खिडकीवरच्या आणि स्वयंपाकघरातल्या माणसांना.

९ मार्च २०२५ ला आर्सेनलच्या सामन्याआधी ‘द १९५८’ या चाहत्यांच्या गटाच्या हाकेवर हजारो लोक काळे कपडे घालून मैदानावर चालत गेले. दोन दिवसांनी क्लबने एक लाख आसनांच्या नव्या मैदानाची योजना मांडली. हिरव्या-सोनेरी मफलरींचा अर्थ अनेक जण विचारतात. १८७८ मध्ये न्यूटन हीथ नावाने क्लब सुरू झाला तेव्हाचे ते रंग आहेत, आणि मालकांना विरोध म्हणून २०१० पासून ते गळ्यात दिसतात.

भारतात बसून आपण काय करू शकतो?

खर्च कुठे करायचा, हे आपल्या हातात आहे. क्लबला परदेशी चाहत्यांकडून मिळणारा पैसा जर्सी, सदस्यत्व आणि प्रक्षेपण हक्कांतून येतो. आदिदासबरोबरचा दहा वर्षांचा करार ९० कोटी पौंडांचा आहे, आणि २०२५-२६ पासून चॅम्पियन्स लीग नसलेल्या प्रत्येक वर्षी त्यातले १ कोटी कापले जातात. खराब खेळाचा फटका मालकांना बसतो तो इथे. आवाज पोहोचवायचा असेल तर मँचेस्टर युनायटेड सपोर्टर्स ट्रस्टचं सदस्य व्हा. तिकिटांच्या दरावर क्लबशी बोलणारी ती स्थानिक, अनुभवी संघटना आहे. दर ठरवताना तिथल्या नेहमीच्या प्रेक्षकाचं म्हणणं आपल्याआधी ऐकलं जावं, हेच रास्त.

खेळाडूंच्या खात्यावर जाऊन शिव्या घालणं हा निषेध नव्हे. जुलै २०२१ मध्ये युरो अंतिम सामन्यानंतर इंग्लंडच्या रॅशफोर्ड, सांचो आणि साका यांना ज्या वर्णद्वेषी शिव्या ऐकाव्या लागल्या त्यानंतर इंग्लंडमध्ये कायदा बदलला. समाजमाध्यमावरच्या द्वेषाच्या गुन्ह्यासाठीही आता मैदानबंदी होऊ शकते.

सरकार काही करू शकत नाही का?

२१ जुलै २०२५ ला इंग्लंडच्या फुटबॉल प्रशासन कायद्याला राजमान्यता मिळाली आणि स्वतंत्र नियामकाची तरतूद झाली. नव्या मालकांची पात्रता, क्लबची आर्थिक तब्येत, मैदान विकणं, बोधचिन्ह आणि रंग बदलणं यांवर त्याचं लक्ष राहील, आणि चाहत्यांशी सल्लामसलत बंधनकारक असेल. २००५ चा व्यवहार मात्र त्याने उलटणार नाही.

१९७४ मध्ये घसरल्यावर काय झालं होतं?

संघ दुसऱ्या विभागात गेला, १९७४-७५ मध्ये तिथे पहिला आला आणि वर्षभरात परतला. पण आजची तुलना तिथेच थांबते. तेव्हा क्लबवर मालकाच्या कर्जाचा बोजा नव्हता.

सामन्यांच्या वेळा दर वर्षी का गोंधळात टाकतात?

आपलं घड्याळ बदलत नाही, त्यांचं बदलतं. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत फरक साडेचार तासांचा, एरवी साडेपाच. शनिवारी दुपारी ३ चा सामना उन्हाळी वेळेत आपल्याकडे ७.३० ला, हिवाळ्यात ८.३० ला. संध्याकाळी ५.३० चा रात्री १० किंवा ११ ला. आठवड्यामधला रात्री ८ चा सामना १२.३० किंवा १.३० ला, म्हणजे तारीखही बदलते. मंगळवारचा सामना कॅलेंडरमध्ये बुधवारवर टाका.

ओल्ड ट्रॅफर्डला जायचंय. तिकीट कसं मिळेल?

आधी क्लबचं अधिकृत सदस्यत्व घ्या, मग सामन्याच्या सोडतीत नाव द्या. तिकीट मोबाइलवर येतं. विमानाचं तिकीट काढताना सामन्याच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन दिवस मोकळे ठेवा, कारण प्रक्षेपणासाठी तारीख शनिवारवरून रविवार किंवा सोमवारवर सरकते. मैदानाबाहेर कोणी तिकीट विकत असेल तर घेऊ नका. क्लबच्या परवानगीशिवाय फुटबॉलचं तिकीट पुन्हा विकणं इंग्लंडमध्ये १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि असं तिकीट दारावर रद्द झालेलं निघू शकतं.

शहराच्या मध्यातून मेट्रोलिंक ट्राम पकडा. ‘ओल्ड ट्रॅफर्ड’ थांब्यावर उतरल्यावर समोर दिसतं ते लँकेशायरचं क्रिकेट मैदान. फुटबॉलचं मैदान तिथून पुढे दहा-एक मिनिटं चालत आहे. गर्दी ज्या दिशेला जाते त्या दिशेने चालत राहा.